आबाची भिंत आणि तुझा हिसका

आण्णा, उद्या तुझा जलदान विधी आहे आणि चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. अंगणातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून अंगणात. वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा टेका की, पाय मोडतील." मी टेकले आणि लगेच उठले. विहार कमिटीचे तात्या येऊन सांगून गेलेत, "सुजाता, तू हायस्कुलात शिकवतीस, तुला बोलायची सवय हाय. तुझ्या भावानं, आनंदानं, जन्मात दारूचा थेंब शिवला न्हाय, त्याच्यावर बोल. तरण्या पोरांच्या कानावर पडू दे." पत्रिकेतही तेच छापलंय. 'कालकथित'च्या पुढं तुझं नाव, आणि खाली ठळक अक्षरांत 'शीलवान, निर्व्यसनी'.

आता मी काय बोलू, सांग. थेंब शिवला नाही म्हटलं तर ते खोटं. तू प्यायचास म्हटलं तर ते त्याहून खोटं. आणि जे खरं आहे ते सांगायला तू मला बंदी घालून ठेवलीस. "सुजे, डॉक्टरीणबाईचं बोलणं तुझ्या नि माझ्यात. वस्तीत न्हाय, भावकीत न्हाय, माझ्यामागं बी न्हाय." मी तेव्हा भांडले. तू "बास" म्हणालास आणि पायात चपला घालून बाहेर गेलास. नंतर कितीदा तरी मी तो विषय काढला, तू तसाच उठून गेलास. आता तर कायमचाच उठलास. लहान बहिणीशी भांडण अर्धं टाकून असं कुणी जातं काय रे?

त्यात वैताग म्हणजे दारात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "कशानं गेला?" वहिनी सांगते, "झटक्यानं." तिला म्हणायचं असतं हृदयाचा झटका. समोरचा शहाण्यासारखी मान हलवतो, "व्हय, झटके त्याला पयल्यापास्नंच हुते." मग मी आतून ओरडते, "अहो, हार्ट अटॅक! ते झटके वेगळे!" माणसं दचकतात. उचगावच्या मामीनं तर कहर केला. तुझ्या फोटोशेजारी, बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून मला कानात विचारते, "मग त्याच्या अंगात यायचं, ते कुठल्या देवीचं गं?" मी म्हटलं, "मामी, चहा घ्या." दुसरं काही तोंडातून आलं असतं तर उद्याचा विधी आजच आटोपला असता.

आपल्या घरात त्याला 'हिसका' म्हणायचे. आयीनंच ते नाव ठेवलं होतं. बैलानं दावं ओढावं तशी तुझी मान एकदम बाजूला जायची, उजवा खांदा वर उडायचा आणि हात पुढं फेकला जायचा. डोळ्यांची पापणी लवायच्या आत सगळं संपायचं. लगेच दुसरा. गप्प पडून राहिलास की हिसका नसल्यात जमा. काही करायला गेलास की सुरू. पाटीवर लिहायला गेलास की पेन्सिल गुरुजींच्या टेबलापर्यंत जायची. घास उचललास की भाताची शितं माझ्या केसांत. आणि चारचौघांत कुणी टक लावून बघितलं, की मग तर विचारू नको.

म्हणूनच लोकांना ते सोंग वाटायचं. "बसल्यावर बरा असतोय, कामाला लावलं की उडायला लागतोय." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या तोंडून ऐकलंय की आजही कुणी कुणाला कामचुकार म्हटलं की माझं डोकं फिरतं. शाळेत गुरुजींना वाटायचं तू त्यांना वेडावून दाखवतोस. छड्या खाल्ल्यास, पण दात काढून हसलास. ते हसणं तू आयुष्यभर सोडलं नाहीस. कुणी हसायच्या आधी आपण हसायचं, हा तुझा नियम.

एसटीत कंडक्टर म्हणून लागलास तेव्हा हिसका जरा आवरलेला होता. तू खाकी घालून घरी आलास आणि आयीनं तुझी दृष्ट काढायला मीठ घेतलं, तू म्हणालास, "आये, ते सोडलंय आपण." ती म्हणाली, "मीठ न्हाय सोडलं." सगळे हसलो होतो. मग नव्वद सालानंतर तो परत वाढत गेला. हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, समोर सुट्ट्यासाठी हात पसरलेली माणसं, वर गाडी घाटवळणाची. तुझ्या हिसक्याला हवं होतं ते सगळं त्या नोकरीत होतं.

मलकापूर गाडीतला तो प्रसंग तू किती रंगवून सांगायचास. गाडी खच्चून भरलेली. तुझा हात उडाला आणि एका फेटेवाल्याचा फेटा खिडकीबाहेर. फेटेवाला उभा राहिला, "मास्तर, सकाळच्या पारी ढोसून आलाईसा व्हय?" सगळी गाडी तुझ्याकडं बघायला लागली, म्हणजे हिसका दुप्पट. तू त्याच्या नाकासमोर तोंड नेलंस आणि जोरात श्वास सोडलास. "घ्या पावणं, वास घ्या! ह्या तोंडात दारू गेली असंल तर मी हितंच नोकरी सोडतो." तो मागं सरकला तर तू शेजारच्याच्या तोंडाकडं वळलास. "तुम्ही बी घ्या." शेवटी मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "आरं माझ्या बाबा, कांदा खाल्लाईस एवढंच कळतंय, जा आता पुढं." आम्ही पोट धरून हसायचो. पहिल्यांदा सांगितलंस त्या दिवशी मात्र हसणं झाल्यावर तू मागच्या न्हाणीत गेलास आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत बसलास. वहिनी मला खुणेनं म्हणाली, जाऊ नका.

दुसरं काहीही म्हटलेलं तुला चाललं असतं. येडा म्हणा, सोंगाड्या म्हणा. पण पिलेला? आणि आबाच्या पोराला?

आबाचं नाव निघालं की तुझा चेहरा कसा व्हायचा, ते मला आत्ताही दिसतंय. आबा गवंडी होता, आणि गडमुडशिंगीपासून उचगावापर्यंत त्याच्या हाताच्या भिंती होत्या. पण सकाळी कामावर जायच्या आधी त्याला गुत्त्यावर जावंच लागायचं. मुकादमच सांगायचा, "जा, मारून ये, मग ओळंबा धर भिंतीला." वस्तीत त्याच्यावर ठरलेला विनोद होता, पोरंसुद्धा म्हणायची: 'आबाची भिंत पिल्यावर सरळ, न पिता तिरकी.' आपण दोघं शाळेतून येताना ती पोरं मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. तू दगड उचलायचास आणि तो हिसक्यानं भलतीकडंच जायचा.

संध्याकाळी तोच आबा पुरता झिंगून यायचा आणि आयीला मारायचा. हे मी कुठल्याही गोड शब्दानं झाकणार नाही. तू आडवा आलास त्यात तुझा दात पडला होता. आबा पोट फुगून गेला तेव्हा तू रडला नाहीस. मी रडले तर माझ्यावर डाफरलास. त्याच्या मागं जलदान तू केलंस ते आयीनं हात जोडले म्हणून, आणि बोलायची वेळ आली तेव्हा तू उठून विहाराच्या बाहेर जाऊन उभा राहिलास. पुढं वस्तीतली पोरं जमवून तो गुत्ता तू बंद पाडलास. गुत्तेवाल्यानं तुला धमक्या दिल्या, तुझा हात हलत होता आणि तू म्हणत होतास, "हात माझा हलतोय, मी न्हाय हलत." दारूला न शिवायचं पाचवं शील तू नुसतं पाळत होतास असं नाही, तू ते दातांत धरलं होतंस.

मग दवाखाने. किती फिरलो रे आपण! पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तू म्हणालास, "झटके येत्यात." झालं. झटके म्हणजे फिट, फिट म्हणजे मिरगी, ही त्यांची गणितं. 'हिसका' म्हणाला असतास तर कदाचित त्यांनी वर मान करून बघितलं तरी असतं. पण दवाखान्यात घरचा शब्द कसा वापरायचा म्हणून तू शुद्ध बोलायला गेलास. तू कधी बेशुद्ध पडला नव्हतास, जीभ चावली नव्हतीस, फेस आला नव्हता, तरी मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी हिसका वाढला, वर जिभेला जडपणा आला. म्हणजे आता हलतोस पण आणि बोबडा बोलतोस पण. राहिलेल्या लोकांचीही खात्री पटली की मास्तर घेतो.

दुसऱ्यांनी शिरा कमजोर म्हणून सुया टोचल्या. तिसरे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तू बाहेर येऊन म्हणालास, "टेन्शन घेऊ नका म्हणायची फी घेतली, त्याचं टेन्शन आलंय." एकांनी डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला. त्याचा डिंक धुता धुता वहिनीची बोटं चिकटली. आलेख नॉर्मल. रक्त नॉर्मल. सगळे रिपोर्ट नॉर्मल, फक्त तू सोडून.

शेवटी माझ्या शाळेतल्या बाईंनी एक वैद्य सांगितले. त्यांनी नाडी बघितली आणि अश्वगंधारिष्ट दिलं, जेवणानंतर थोडं, पाण्यातून. कोल्हापुरातून बाटल्या आणायचं काम माझं. महिनाभर काडीचा फरक नाही. तुला तर पहिल्यापासून दम कमी. एका रविवारी दाढीला बसायच्या आधी तू म्हणालास, "चमच्यानं काय औषध घ्यायचं, मी काय तान्हं हाय?" आणि पितळी फुलपात्र भरून घेतलंस.

ती सकाळ मी विसरणार नाही. तुझी दाढी म्हणजे घरात सुतक असायचं. वहिनी तुरटी घेऊन उभी, गालाला वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले, मान फिरली की नवा काप. त्या दिवशी तू आरशापुढं बसलास, आणि ब्लेड कानापासून हनुवटीपर्यंत सरळ खाली आलं. परत वर. परत खाली. तू आमच्याकडं वळून बघितलंस. गालावर एक ओरखडा नाही. तुझी प्रज्ञा तेव्हा लहान होती, तिनं हात लावून बघितला आणि म्हणाली, "बाबा गुळगुळीत." तू उठून आम्हा सगळ्यांना कपबशीत चहा ओतून दिलास. बशीत थेंब नाही. वहिनी पदरात तोंड घालून रडायला लागली. मी त्या वैद्यांचे मनातल्या मनात पाय धरले.

पुढचे काही महिने काय दिवस होते! सुट्टी असली की सकाळी फुलपात्र, आणि मग तू सुई ओवायचास, प्रज्ञाच्या वह्यांना कव्हरं घालायचास, कारण नसताना सही करून दाखवायचास. ड्युटीवर जाताना घेत नव्हतास, म्हणायचास, "त्यानं डोळं जड हुत्यात, गुणकारी औषध म्हणल्यावर तेवढं असायचंच." जन्मात न पिलेल्या माणसाला काय कळणार ते जडपण कशाचं! बाटलीला आंबलेल्या गुळाचा वास यायचा. मला तो वास ओळखीचा वाटायचा, पण कुठला ते आठवायचं नाही. कदाचित आठवून घ्यायचं नव्हतं.

फक्त एक होतं. दुपार कलली की हिसका परत यायचा, आणि आधीपेक्षा जोरात यायचा. मग अजून एक फुलपात्र. म्हणून मी तुला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तू यायला तयार नव्हतास. "बरं झाल्यालं मानूस दवाखान्यात कशाला नेतीस?" तरी आलास, आणि येताना ती बाटली पिशवीत घालून आणलीस, बाईंना दाखवायला.

बाईंनी तुला काहीच विचारलं नाही आधी. नुसतं बघत बसल्या. मग हात पुढं करायला लावले, गोल काढायला लावले, पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतायला लावलं. तुझा शर्ट भिजला. मग म्हणाल्या, "घरी याला काय म्हणता तुम्ही?" तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हटलं, "हिसका." त्या म्हणाल्या, "बरोबर शब्द आहे. ही फिट नाही." इतक्या वर्षांनी कुणीतरी सरळ सांगितलं, आणि मला तिथंच हुंदका आला.

तू मग ऐटीत बाटली काढून टेबलावर ठेवलीस. "मॅडम, तुमच्या गोळ्यांपेक्षा हे भारी हाय." बाईंनी बाटली फिरवून बघितली आणि एकदम विचारलं, "दारू घेतल्यावर हे थांबतं का?" तू खुर्चीतून उठलासच. "मॅडम, मी बौद्ध हाय. पंचशील घेतल्यालं मानूस हाय मी." बाई शांतपणे म्हणाल्या, "चिडू नका, बसा. हे बारीक अक्षर वाचा." तुला कुठलं वाचता येणार, तोवर तुझी मान बाजूला गेली होती. मी वाचलं. मराठीची शिक्षिका ना मी, मोठ्यानं आणि स्पष्ट वाचलं. 'यात स्वयंनिर्मित मद्यार्क आहे.'

तुझा चेहरा राखेसारखा झाला. आण्णा, त्या क्षणी तुझ्यापेक्षा मला जास्त लाज वाटली, कारण बाटल्या मी आणल्या होत्या. आणि बाईंचा पुढचा प्रश्न आला, "घरात आणखी कुणाला असं होतं? वडिलांना?" तू खाली मान घालून म्हणालास, "बाप बेवडा हुता आमचा." त्या म्हणाल्या, "ते नाही विचारलं. प्यायल्यावर त्यांचा हात कसा असायचा?"

मीच बोलले. "भिंत सरळ यायची."

बोलले आणि मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. इतकी वर्षं वस्तीतली पोरं आपल्याला जे चिडवत होती, त्यातच सगळं होतं की रे. सकाळी गुत्त्यावर जायच्या आधी आबाचा हात मी बघितला नव्हता काय? थापीतला गिलावा उडून भिंतीऐवजी त्याच्या छातीवर पडायचा, तो आपण बघितला होता. आपण त्याला दारूचं थरथरणं समजलो. दारू न मिळाल्याचं. सगळ्या जगानं तेच समजलं.

बाईंनी मग कागदावर मेंदू काढून समजावलं. म्हणाल्या, असे हिसके खूप कारणांनी येतात. मेंदूला प्राणवायू कमी पडला तर, किडनी नाहीतर लिव्हर बिघडलं तर, काही औषधांनी, तापानं. तुझ्यात त्यातलं काही नाही. तुझा प्रकार घराण्यातून येणारा, तुझ्या बाबतीत बापाकडून आलेला. अंगाला हलवणारी जागा वेगळी आणि थांबवणारी वेगळी. तुमचा ब्रेक ढिला आहे मास्तर, असं त्या म्हणाल्या. दारूनं तो थोडा वेळ आवळला जातो. उतरली की दुप्पट ढिला. मग जास्त लागते, रोज लागते, आणि माणूस त्यात जातो. म्हणून ते औषध नाही, सापळा आहे. त्यांनी झोपेच्या जातीची एक बारीक गोळी दिली, हळूहळू वाढवायची, आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. नाहीच भागलं तर मुंबईला मेंदूत तार घालून छातीत बॅटरी बसवतात, तेही सांगितलं. तू तेवढ्यातही म्हणालास, "म्हंजे धक्का मारून चालू करायला नको." पण हसलास ते नुसत्या ओठांनी.

दारात पोचल्यावर तू परत वळलास. "मॅडम, म्हंजे आमचा बाप बेवडा न्हवता?" बाई म्हणाल्या, "आजारी होते. बेवडेही झाले असतील. दोन्ही खरं असू शकतं."

स्टँडवर आपण कितीतरी गाड्या सोडल्या. घरी आल्यावर तू बाटली मोरीत ओतलीस, आणि तिथनं आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, सगळ्यांना सांग. मामीला सांग, तात्यांना सांग, त्या फेटेवाल्याला हुडकून सांग. तू म्हणालास, "काय सांगू? पंचशीलवाला मास्तर फुलपात्रानं पीत हुता म्हणून?" मी म्हटलं, अरे, त्या शीलात 'पमाद' शब्द आहे, ज्यानं माणूस बेसावध होतो त्यापासून लांब राहायचं. तू तर पिऊन सावध होत होतास! तुझं शील मोडलंच नाही. वर्गात 'मी जाते' म्हणायला शिकवणारी मी, चिडले की आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी जातो' म्हणते; तेव्हा चिडून ओरडलेली, "मीच जातो आणि सांगतो विहारात!" तू शांतपणे म्हणालास, "आणि आबा? आयीला मारायचा ते काय हिसक्यानं?"

मग तू 'बास' म्हणालास.

गोळीनं निम्मा हिसका गेला. सुरुवातीला तू दिवसाही पेंगायचास, मग अंगवळणी पडलं. गाडीवरून टेबलावर काम मिळालं. दाढीला कपटे कमी लागायला लागले. त्या बाईंचे आणि त्या बारीक गोळीचे उपकार मी मानते. वहिनी म्हणते तेच शेवटचे दिवस सुखाचे गेले. बाई म्हणाल्या होत्या यानं माणूस मरत नाही. त्यानं मेला नाहीसच तू. भलत्याच दारानं गेलास, आणि मला राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

एकदा उचगावात माझ्याकडं आला होतास. जेवून आपण पाय मोकळे करायला निघालो. त्या जुन्या गोडाऊनपाशी तू थांबलास. त्याची लांबलचक भिंत आबानं बांधलेली, आपण त्याला भाकरी घेऊन जायचो. तू खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढलास, माझ्या पिशवीचा बंद सोडून त्याला बांधलास आणि ओळंब्यासारखा भिंतीला लावायला गेलास. हिसका आला, जुडगा भिंतीवर आपटला. परत लावलास, परत आपटला. मग माझ्या हातात दिलास. "तू धर सुजे, माझा हात ऱ्हात न्हाय." मी धरला. जुडगा थांबायची आपण वाट बघितली. तू एक डोळा मिटून खालपासून वरपर्यंत बघितलंस. "सरळ हाय," म्हणालास. बास. वाटेत मी काही विचारायला गेले तर तू मलाच विचारलंस, यंदा दहावीचा निकाल कसा लागला.

तेवढ्यावरून मी काय समजायचं, आण्णा? त्याला माफ केलंस म्हणू? नुसती भिंत मोजलीस म्हणू? सांगून गेला असतास तर उद्या मला बोलणं सोपं झालं असतं. मी तुझ्यावर फार चिडलेय, आणि तू नाहीस म्हणून जीव तीळतीळ तुटतोय, आणि दोन्ही एकाच वेळी होतंय.

आता दुपारी काय झालं ते ऐक. म्हणूनच तर मला बसवत नाही.

बायका बसल्या होत्या, प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन आली. तुझी पोर आठवीत गेली, उंच झालीय, मान तुझीच. मामीपुढं ट्रे धरला आणि तिचा खांदा उडाला. सगळे कप मामीच्या मांडीवर. बायका ओरडल्या. कुणी म्हणालं, पोरीला धक्का बसलाय. कुणी म्हणालं, रात्रभर झोपली नसंल. मी बघितलं होतं तो खांदा कसा उडाला ते. वहिनीनंही बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलंच नाही.

प्रज्ञा मागं न्हाणीत जाऊन बसली होती. मी गेले तर तोंडावर पाणी मारत होती. मी विचारलं, "कवापास्नं होतंय गं?" म्हणाली, "सातवीपास्नं." "बाबाला सांगितलंस?" मान हलवली, नाही. "का गं?" मग मोरीकडं बघत म्हणाली, "आत्या, मी बी बेवडी होणार व्हय गं?"

आण्णा, पोर एवढं एकटीनं घेऊन बसली होती. तुझं माझं दाराआडचं भांडण तिनं तुकड्या-तुकड्यानं ऐकलेलं. आज्जा, हिसका, दारू, बाबा, बाटली, कुणाला सांगायचं न्हाय. त्यातनं तिनं आपल्या मनानं आपलं भविष्य काढलं. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून तुझ्यापासून लपवलं. तू जगापासून लपवत होतास आणि ती तुझ्यापासून.

मी तिला पोटाशी धरलं. म्हटलं, "न्हाय गं माझ्या बाय. तुझा आज्जा आजारी होता. त्याला कुणी दवाखान्यात नेलं न्हाय, त्याला दारूच सापडली. तुझ्या बाबाला गोळी सापडली. तुला बाबापेक्षा लवकर सापडंल, ह्याच आठवड्यात जाऊ आपण बाईंकडं." मग सगळं सांगितलं. भिंतीचं, फेट्याचं, फुलपात्राचं, बाटलीवरच्या बारीक अक्षराचं. आबा आयीला मारायचा तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. दाढीच्या सकाळचं तिला आठवत होतं. मध्येच तिचा खांदा माझ्या हनुवटीवर आपटला, तर तिला हसू आलं आणि मलाही.

मग नाक पुसत म्हणाली, "उद्या तू बोलणार हाईस नव्हं? मग हेच सांग की सगळ्यास्नी. आज्ज्याचं बी सांग."

मी म्हटलं, "बाबानं नको म्हणून ठेवलंय."

तर म्हणते, "बाबाला न्हाय गं आता काय व्हायाचं. शाळेत ह्यो खांदा घेऊन मलाच जायाचंय."

आण्णा, तुझं मी आजवर ऐकलं. उद्या तिचं ऐकणार आहे.